कोणतं विमान घेऊ, युनूसभाई?

माझं चंद्रपुरात चष्म्याचं दुकान आहे. माणूस नंबर काढायला येतो, हनुवटी मशीनवर टेकवतो आणि खालची ओळ वाचता वाचता मधेच थांबून विचारतो, "युनूसभाई, तुम्ही ते रिमोटचं विमान उडवता म्हणे? मले बी घ्याचं आहे. कोणतं घेऊ?"

हा प्रश्न आला की एक किस्सा तयार झालाच समजा! कारण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्यानं मोबाईलवर विमान आधीच पसंत करून ठेवलेलं असतं, मी फक्त मान हलवायची असते. मी मान हलवत नाही. मग तो रुसतो, तेच विमान मागवतो, पाडतो, आणि उरलेले तुकडे थैलीत भरून माझ्याच काउंटरवर ओततो. असे किस्से इतके जमलेत की दुकानात फ्रेमा कमी आणि तेच जास्त.

आमचा ग्रुप लहानसा. इरई नदीच्या पलीकडं एक मैदान आहे, आजूबाजूला सोयाबीन, लांबवर वीज केंद्राची धुराडी. रविवारी सकाळी तिथं जमायचं. शिकवणारे लांजेवार सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. त्यांचं सांगणं एवढंच असायचं: "आपल्याले किती येते ते पाहून विमान घ्यावं. पहिलं घ्यावं ट्रेनर. पंख वर, चाल हळू, हात सोडला तर स्वतःच सरळ होते. ते नीट उतरवता आलं की मंग पंख खाली असलेलं. मंग वेगाचं. जेट सगळ्यात शेवटी, अन् नाई घेतलं तरी चालते."

सोपं आहे. पण "आपल्याले किती येते" इथंच गाडी अडते!

* * *

आमच्यात एक दाताचे डॉक्टर आहेत. हौशी माणूस, बोलण्यात कोणाला हार जात नाहीत. सरांनी ट्रेनर सुचवलं तेव्हा हसले.

"सर, मी रोज रूट कॅनॉल करतो. केसाएवढ्या नळीत सुई घालतो. या हाताला ट्रेनर?"

"हाताचं नाई डॉक्टर," सर म्हणाले. "विमान आपल्याकडं तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होते. ते डोक्यात बसाले महिने लागतात."

"उलटं? अहो, मी आरशात पाहूनच दात कोरतो!"

यावर सगळे डॉक्टरांच्या बाजूनं हसले. 

डॉक्टरांनी लढाऊ विमानासारखं दिसणारं जेट मागवलं. करडा रंग, टोकदार नाक. रविवारी बायकोला, सासऱ्यांना, मेव्हण्याला घेऊन आले. मेव्हण्यानं मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. जेट सुटलं, झकास वर गेलं, वळलं आणि डॉक्टरांकडं तोंड करून आलं. डॉक्टरांनी दांडी डावीकडं दाबली. जेट भलतीकडं गेलं. मग त्यांनी अजून जोरात दाबली! आमच्या डोक्यांवरून फर्रकन् गेलं ते सरळ शेजारच्या सोयाबीनमध्ये.

थोड्या वेळानं शेतातली बाई बांधावरून आली. निंदण करत होती. जेटचं तुटलेलं नाक तिनं दोन बोटांत वर धरलं आणि विचारलं, "भाऊ, हा सुळा कोनाचा पडला?"

तिला काय माहीत, कोण डॉक्टर आणि कशाचा डॉक्टर! आम्ही पोट धरधरून हसलो. सासरेबुवासुद्धा हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत.

संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: "आज गाइडन्स कमी पडला."

सरांनी त्याच्याखाली अंगठा टाकला.

* * *

आमचं मैदान म्हणजे गजूभाऊंची जमीन. गजूभाऊंचा ट्रान्सपोर्टचा धंदा, गडचांदूरकडं चुनखडीवर त्यांचे ट्रक चालतात. आम्ही आधी जिथं उडवायचो तिथं प्लॉट पडले, तेव्हा त्यांनी ही पडीत जागा उडवायला दिली. त्याच दिवशी ते ग्रुपचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष आधी झाले, विमान नंतर घेतलं!

विमान दाखवायला सर त्यांना मैदानाच्या मध्यावर घेऊन गेले. गेडाम मॅडम ट्रेनर उडवत होत्या. प्रमिला गेडाम गडचिरोली जिल्ह्यात एका आश्रमशाळेत शिकवतात, सुट्टीला चंद्रपुरात आईकडं येतात. ग्रुपमधली एकटी बाई. पहिल्या दिवसापासून सरांनी सांगितलं ते आणि तेवढंच केलं, म्हणून आमच्यात सगळ्यात चांगलं त्यांनाच येतं.

गजूभाऊंनी वर पाहिलं. "हे तं पोरीबारीचं विमान झालं ना सर! आपल्याले शोभन असं सांगा."

मॅडमनी विमानावरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "मंग शोभणारं घ्या ना भाऊ. उडणारं आमच्याजवळ राहू द्या."

गजूभाऊंनी खरंच शोभणारं घेतलं. इतकं मोठं की पंख कारमध्ये मावेना, ट्रकमधून आणावं लागलं. सरांनी ते वर नेलं, सरळ केलं आणि रिमोट गजूभाऊंच्या हातात दिला. विमान लांब लांब चाललं होतं तोवर गजूभाऊ खुश.

"पाहा! येते ना मले! उगाच भेव दाखवता तुम्ही लोक!"

मग ते वळून परत यायला लागलं. सर ओरडत होते, "दांडी सोडा भाऊ, सोडा!" गजूभाऊंनी आयुष्यात हातातलं काही सोडलेलं नाही. विमान आलं आणि त्यांच्याच ट्रकच्या काचेवर आदळलं. आत ड्रायव्हर डबा खात बसला होता, तो डब्यासकट बाहेर!

गजूभाऊ लालबुंद. "हे विमान माझं ऐकतच नाई सर!"

सर शांतपणे म्हणाले, "ऐकते ना भाऊ. तुम्ही सांगता तसंच करून राह्यलं. तेच तं वांधे आहेत."

हा किस्सा आम्ही वर्षभर सांगितला. गजूभाऊ नसताना. मैदान त्यांचं होतं ना! विमान दुरुस्त झालं, आणि तेव्हापासून ते मी किंवा मॅडम उडवतो. गजूभाऊ गॉगल लावून शेजारी उभे राहतात.

* * *

एकदा पेपरवाला फोटोग्राफर आला. जिल्ह्यातला आगळावेगळा छंद वगैरे काही तरी छापायचं होतं. गजूभाऊंचं मोठं विमान त्या वेळी हवेत होतं आणि रिमोट होता मॅडमच्या हातात. हवा आडवी. मॅडमचं सगळं लक्ष वर.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला, परत खाली घेतला. म्हणाला, "ओ मॅडम, जरा बाजूले होता का? पायलटचा फोटो घ्याचा आहे."

गजूभाऊंनी केसांवरून हात फिरवला आणि पोट आत घेतलं.

मॅडम खरंच बाजूला सरकल्या, विमान उडवत उडवत! फोटो छापून आला. गजूभाऊ आकाशाकडं पाहून राह्यले, वर विमान, आणि कडेला कोणाचं तरी अर्धं कोपर.

मॅडमच्या आईनं तो फोटो कापून ठेवलाय. कोणी घरी आलं की दाखवते, "हे कोपर माझ्या प्रमिलाचं."

* * *

गडचांदूरला एक इंजिनिअर साहेब राहतात. आमच्या ग्रुपमध्ये आहेत म्हणायला. त्यांच्याकडं विमानं भरपूर: ट्रेनर, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं, सगळं क्रमानं, सरांनी सांगितलं तसं. फक्त उडवलेलं एकही नाही!

मी एकदा त्या बाजूला गेलो होतो तर घरी गेलो. हॉलच्या एका भिंतीला काचेचं कपाट, त्यात विमानं, आणि वरून परत प्लास्टिक. तिकडं सिमेंटची धूळ बसते ना घरादारावर, म्हणून.

मी म्हटलं, "साहेब, ट्रेनर तरी उडवा. पडलं तरी फारसं काही होत नाही त्याला."

"पडलं तर?" साहेब एकदम घाबरले. "नवं आहे हो ते!"

"किती वर्षांपासून नवं आहे?"

साहेब हसले आणि दुसरं विमान दाखवायला आत गेले. तेवढ्यात त्यांच्या मिसेस चहा घेऊन आल्या. कपाटाकडं पाहत मला हळूच म्हणाल्या, "रोज पुसते भाऊ मी यायले. लग्न करून आली तवाच्या साड्या बी अशाच प्लास्टिकमधी ठिवल्या आहेत."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? घालून जाऊ कुठी? विमानं बी घरात, अन् मी बी घरात."

चहात साखर नव्हती. त्यांना तसं सांगायला काही माझी जीभ रेटली नाही.

* * *

पुण्याहून बदली होऊन बँकेत एक साहेब आले. चष्मा करायला आले आणि तोच प्रश्न. मी त्यांना रविवारी मैदानावर नेलं. सर त्यांना ट्रेनर समजावून सांगत होते, इतक्यात आमचे दाताचे डॉक्टर मधे पडले.

"ट्रेनर अजिबात नका घेऊ. ट्रेनरनं सवय बिघडते. सरळ जेट घ्या, हात बसतो."

साहेबांनी विचारलं, "तुम्ही किती वर्षं उडवताय?"

"आठवत पण नाही आता!" डॉक्टर म्हणाले.

खरंच होतं. त्या सुळ्यानंतर त्यांनी एकदाही उडवलं नव्हतं, आठवणार काय!

साहेबांनी जेट घेतलं. त्याचं पुढं जे व्हायचं ते पहिल्याच रविवारी झालं. तुकडे गोळा करणाऱ्या साहेबांच्या पाठीवर हात ठेवून डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन! माझंही पहिलं असंच गेलं होतं."

साहेब परत कधी आले नाहीत. चष्मासुद्धा नागपूरहून करून आणला.

* * *

गेडाम मॅडमच्या फार मनात होतं की शाळेतल्या पोरांना विमान दाखवावं. हेमलकशाच्या रस्त्यानं आत, जंगलात त्यांची आश्रमशाळा. परवानग्यांसाठी मॅडमनी कितीतरी चकरा मारल्या. शेवटी मिळाली तेव्हा सर, मी आणि मॅडम, तिघं माझ्या जुन्या कारनं निघालो. सोबत फक्त ट्रेनर.

वाटेत पोलिसांच्या नाक्यावर जवानानं खोकं उघडायला लावलं. विमान उलटसुलट करून पाहिलं, पंखाखाली बोट फिरवलं.

"ड्रोन आहे का हे? कॅमेरा कुठी आहे?"

"नाही याच्यात," मी म्हटलं.

त्यानं परत पाहिलं. मग साहेबाला बोलावलं. साहेबानं पाहिलं. कागद दाखवले, फोन झाले, मॅडम गोंडी, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत तेच तेच सांगत राहिल्या. शेवटी सोडलं.

शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत बसली होती. सरांनी ट्रेनर वर नेलं. विमानाची घरघर सुरू झाली तशी पुढची लहान पोरं उठली आणि पळत वर्गात गेली. मला वाटलं आनंदानं पळाली. नंतर लक्षात आलं, ती बाकाखाली जाऊन बसली होती.

गावातले लोक कुंपणाशी उभे होते. कोणी हसेना, कोणी टाळी वाजवेना. एक बाई डोक्यावरचं सरपण तिथंच टाकून झाडाखाली सरकली. सरांनी दोनच चकरा मारल्या आणि विमान उतरवलं.

मग एक म्हातारेबुवा पुढं आले. विमानाशी उकिडवे बसले, पंखाला हात लावून पाहिला आणि गोंडीत मॅडमना काही विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "विचारून राह्यले, याच्यातून आपल्याले कोण पाहते?"

"सांगा, कोणी नाही. खेळ आहे," सर म्हणाले.

मॅडमनी सांगितलं. म्हातारेबुवांनी ऐकून घेतलं, सरांकडं पाहिलं आणि एक वाक्य बोलून उठून गेले.

मॅडमनी ते लगेच सांगितलं नाही. परतीच्या रस्त्यात, पुष्कळ पुढं आल्यावर सांगितलं.

"ते म्हणाले, पाह्यत नाई तं वरतं जाते कायले?"

* * *

लांजेवार सर म्हणजे आमच्यात सगळ्यांत वरच्या पायरीवरचा माणूस. त्यांच्याकडं कसरतीचं विमान होतं. ते उभं करून, नाक वर, नुसत्या पंख्यावर हवेत लटकवून ठेवायचे. विमान जागच्या जागी थरथरत उभं, आणि सर गालात हसत खाली. 

एक दिवस नंबर तपासायला दुकानात आले. सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. मी म्हटलं, नंबर तोच आहे सर. तेवढ्यात मी बाजूनं पेन पुढं केला, सही करायला. सरांनी घेतला नाही. पेन त्यांच्या कानाजवळ होता तरी त्यांना दिसला नाही. मी तो हळूहळू समोर आणत गेलो. पार नाकासमोर आला तेव्हा म्हणाले, "अरे, पेन देऊन राह्यला का? दे."

मी त्यांना नागपूरला पाठवलं. काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही.

पुढच्या रविवारी सरांनी कसरतीचं विमान गेडाम मॅडमना देऊन टाकलं. स्वतः ट्रेनर घेऊन आले. त्याच्या पोटावर काळे-पिवळे जाड पट्टे रंगवले होते, वर आहे की खाली, येतंय की जातंय, कळावं म्हणून.

डॉक्टरांनी पाहिलं आणि लांबूनच ओरडले, "काय सर! परत केजीत अॅडमिशन?"

"हौ," सर म्हणाले. "किती येते ते पाहून घ्यावं, असं मीच सांगत आलो ना. आता कमी येते."

काही महिने ते पट्ट्यांचं विमान उडवत राहिले. लांब जाऊ द्यायचे नाहीत, आपल्याभोवती घिरट्या घालत ठेवायचे. मग एका सकाळी विमान हवेत असतानाच त्यांनी रिमोट बाजूला धरला. आवाज बिलकूल चढवला नाही.

"प्रमिला, घे बाई. माझ्या डोळ्यांतून गेलं ते."

मॅडमनी रिमोट घेतला आणि विमान उतरवलं. चाकं टेकेपर्यंत सर कान देऊन ऐकत होते.  डॉक्टर म्हणाले, "युनूसभाई, एवढं तुमचं दुकान! एक फर्स्टक्लास नंबर काढून द्या ना सरांना!"

"युनूस काच बदलते डॉक्टर," सर म्हणाले. "डोळा त्याच्या दुकानात नाई भेटत."

त्यानंतरही सर यायचे. मी आणायचो. खुर्चीवर बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "गजूभाऊंची बॅटरी उतरली, उतरवून घ्या." एकदाही चुकले नाहीत. पण मग त्यांच्या मिसेस आजारी पडल्या, आणि सरांचं येणं थांबलं.

दिवाळीनंतर गजूभाऊंनी व्हॉट्सअॅप ग्रुप साफ करायला काढला. जो उडवत नाही तो बाहेर, असा नियम गजूभाऊंनी केला! आणि सरांचं नाव काढून टाकलं.

मॅडमनी ग्रुपवर लिहिलं, "सर कुठी गेले?"

गजूभाऊंनी लिहिलं, "नियम सर्वांना सारखा."

सरांचा फोन त्यांना मेसेज वाचून दाखवतो. त्यांच्या पोरीनं तशी सोय करून दिली आहे. काही दिवसांनी ते नातेवाइकाचा हात धरून दुकानात आले. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "युनूस, आजकाल ग्रुपवर कोणी काही लिहीत नाई का रे? माझा फोन मुकाच झाला."

"सगळे बिझी आहेत सर."

"उडवतात ना पण?"

"उडवतात."

"मंग ठीक आहे," सर म्हणाले.

* * *

आता हा शेवटचा. हा मी सहसा कोणाला सांगत नाही.

गडचिरोली रस्त्यावरच्या एका गावात महोत्सव होता. मोठे पाहुणे येणार होते आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं: गजूभाऊंच्या विमानाची चित्तथरारक प्रात्यक्षिकं. तेही स्वतः गजूभाऊंच्या हातून!

गजूभाऊ आधी गेडाम मॅडमकडं गेले. मॅडमनी विमान मागून लपून उडवायचं, आणि गजूभाऊंनी समोर रिकामा रिमोट धरून उभं राहायचं, असा बेत.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, माझं नाव नाई आलं, ठीक. फोटो नाई आला, तेही ठीक. आता मी हायेच नाई, असं करू का?"

मग ते माझ्या दुकानात आले. गॉगल लावून लावून आरशात पाहत होते. आरशात पाहतच म्हणाले, "आपलं मैदान एक जण कोळशाच्या डेपोसाठी मागून राह्यला युनूसभाई. मी अजून हौ म्हटलं नाई."

मी समजलो. चंद्रपुरात उडवायला दुसरी जागा नाही.

महोत्सवाच्या दिवशी मंडपामागं पाण्याचा टँकर उभा होता. मी त्याच्यावर चढून बसलो, पुढं कनातीचं कापड. तिथून मला मैदानही दिसायचं आणि गजूभाऊही. ते मैदानाच्या कडेला एकटे उभे होते. निळं जाकीट, नवा गॉगल, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला रिमोट. त्यातले सेल मी स्वतः काढले होते.

माइकवरून आवाज आला, "आपल्या भागाचे सुपुत्र, सुप्रसिद्ध वैमानिक!"

मी विमान वर नेलं. वर गेल्यावर कळलं, हवा खराब आहे. तलावाकडून झोत येत होते, आणि एवढं मोठं विमान हातात नीट राहीना. मी घाम पुसायलाही दांडी सोडू शकत नव्हतो. सुरुवातीला गजूभाऊ लोकांकडं पाहून हसत होते, कशाही दांड्या फिरवत होते. विमान उजवीकडं चाललंय आणि त्यांचा अंगठा डावीकडं! मला भीती वाटली की कोणाच्या लक्षात येईल. कोणाच्याच आलं नाही.

मी पहिली कोलांटी मारली. लोक "हो" करून ओरडले. तेव्हा गजूभाऊंनी लोकांकडं पाहणं सोडलं आणि वर पाहिलं.

त्यानंतर त्यांनी खाली पाहिलंच नाही. विमान वळलं की त्यांचे गुडघे वाकायचे. ते खाली झेपावलं की खांदे पुढं यायचे. दुसऱ्या कोलांटीत विमान क्षणभर उलटं थांबल्यासारखं झालं, तर गजूभाऊंचं तोंड उघडंच. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांचा अंगठा आता बरोबर चाललाय. उजवीकडं म्हणजे उजवीकडं. समोरून येतानासुद्धा!

उतरवताना व्हायचं तेच झालं. चाकं टेकायला आली आणि झोत बसला. डावा पंख एकदम खाली गेला, जमिनीला हातभर अंतर. मी दांडी दाबली. तिकडं गजूभाऊ कंबरेतून पुरे उजवीकडं कलले, दात आवळून, मानेच्या शिरा फुगलेल्या. पंख उचलला गेला. विमान टेकलं, धावलं आणि थांबलं.

टाळ्या थांबेनात! पाहुणे स्टेजवरून खाली उतरून आले. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. मी टँकरवरून उतरलो आणि मागच्या मागं ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसलो.

परत येताना पंख मागं हौद्यात होते, विमानाचं शेपूट मागच्या सीटवर माझ्या मांडीवर. गजूभाऊ पुढं बसले होते, अंगावर शाल तशीच.  ड्रायव्हर नवा होता, त्यानं कार्यक्रम गर्दीत उभं राहून पाहिला होता. त्याला राहवलं नाही.

"भाऊ, उतरवतानी तं माया जीवच गेला होता! तुमाले भेव नाई वाटला?"

गजूभाऊंनी गॉगल काढला. मोठा श्वास घेतला.

"वाटला ना बाबू. भल्ली हवा होती. पाह्य, अजून हात थरथरून राह्यला."

आणि त्यांनी हात पुढं केला. मी मागून वाकून पाहिलं. हात खरंच थरथरत होता.